स्टीअरिंग परत हातात येतं तेव्हा

लेव्हल टू ॲडास, म्हणजे चालकाला मदत करणारी स्वयंचलित यंत्रणा, असलेल्या बहुतेक गाड्यांच्या मीटरवर स्टीअरिंगचं एक छोटं चिन्ह असतं. ते रंगीत, बहुधा हिरवं, असेल तर गाडी दोन पट्ट्यांच्या मधोमध राहायचं काम करते आहे. ते राखाडी झालं तर गाडीनं ते काम सोडलेलं असतं. कारणं साधीच असतात. नवं डांबर टाकलं पण पट्टे मारायचे राहिले, वळण जरा जास्तच निघालं, किंवा पावसात कॅमेऱ्याला रेष दिसेनाशी झाली. अनेक गाड्यांत हा बदल फारसा आवाज न होता होतो. वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर राखणारा ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल मात्र चालूच राहतो. वेग तोच, पुढच्या गाडीपासूनचं अंतर तेच, त्यामुळे ड्रायव्हरच्या अंगाला काहीच वेगळं जाणवत नाही. गाडी आपल्याला सांभाळते आहे असं तो धरून चालतो आणि प्रत्यक्षात स्टीअरिंग कुणीच धरलेलं नसतं. या क्षेत्रातले संशोधक याला मोडचा गोंधळ म्हणतात.

स्वयंचलनाच्या पातळ्या शून्यापासून पाचपर्यंत मोजतात. लेव्हल टूमध्ये वेग आणि दिशा दोन्ही गाडी बघते, पण रस्त्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी पूर्णपणे माणसाची. लेव्हल थ्रीत ठरावीक परिस्थितीत लक्षही गाडीच ठेवते, आणि तिनं बोलावलं की माणसानं ताबा घ्यायचा. मेख या वाटणीतच आहे. गाडी चालवणं माणसाला बऱ्यापैकी जमतं. हाताला काही काम नसताना नुसतं पहारा देत बसणं त्याला जमत नाही, आणि ही गोष्ट स्वयंचलित गाड्यांच्या कितीतरी आधी कळलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडारवर बसणारे लोक पडद्यावरचे पाणबुड्यांचे ठिपके हुकवत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं त्याचं कारण शोधायला एक कोरी तबकडी बनवली. तिच्यावरचा एकच काटा दर सेकंदाला एक टप्पा पुढे सरकायचा आणि क्वचित दोन टप्प्यांची उडी मारायचा. समोर बसलेल्यानं दोन तास फक्त ती उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच हुकलेल्या उड्या वाढू लागल्या. 1948 साली हे निष्कर्ष छापून आले. हे आळसाचं लक्षण नव्हे. फारसं काही घडत नसलेल्या गोष्टीवरून मेंदू आपलं लक्ष काढून घेतोच, माणूस कितीही प्रामाणिक असो. म्हणून ‘ड्रायव्हरनं सतत सावध राहावं’ एवढं मॅन्युअलमध्ये छापून हात झटकणं मला अन्यायाचं वाटतं.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी शहरात 18 मार्च 2018 च्या रात्री उबरच्या चाचणी गाडीनं सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली. तिचा जीव गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात एकेका सेकंदाचा हिशेब आहे. धडकेच्या 5.6 सेकंद आधी गाडीला ती दिसली होती. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल ठरवत राहिली, आणि ओळख बदलली की आधी नोंदलेली हालचाल हिशेबातून जायची. त्यामुळे ती आपल्या वाटेत येते आहे हे गाडीला वेळेत उमगलंच नाही. 1.2 सेकंद उरले तेव्हा धोका ओळखला गेला. मात्र खोट्या इशाऱ्यांवर गाडीनं उगाच करकचून ब्रेक मारू नये म्हणून प्रणालीत एक सेकंद थांबायची सोय केलेली होती. धोक्याची घंटा वाजली ती 0.2 सेकंद उरले असताना. त्या वेळच्या ताशी सुमारे 63 किलोमीटर वेगात एवढ्या वेळात गाडी साडेतीन मीटर जाते. गाडीतल्या चालक महिलेची नजर फोनवर होती, हे खरंच. पण मूळ व्होल्वो गाडीचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेकही चाचणीच्या काळात बंद ठेवलेला होता. आणि अपघाताच्या काही महिने आधीपर्यंत अशा गाडीत दोन माणसं बसत, त्यांतला एक कमी केला होता. एकट्या माणसाला तासन्‌तास पहाऱ्यावर बसवलं की काय होतं, ते मॅकवर्थच्या तबकडीनं सत्तर वर्षं आधीच दाखवलं होतं.

ताबा परत घेणं ही एकच कृती नसते. आधी नजर रस्त्यावर येते, मग हात स्टीअरिंगवर, मग पाय पेडलवर. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होऊ शकतं. डावीकडे कोण आहे, मागून कोण येतंय, पुढचा ट्रक चालतोय की उभा आहे, हे उमगायला त्याहून जास्त वेळ लागतो. सिम्युलेटरवरच्या प्रयोगांत एरिक्सन आणि स्टँटन यांनी 2017 मध्ये घाईची नसलेली परिस्थिती तपासली, तेव्हा ताबा घ्यायला चालकांना 1.9 पासून 25.7 सेकंदांपर्यंत वेळ लागला. ताशी 100 किलोमीटरला हाच फरक 53 मीटर ते 714 मीटर असा होतो. सरासरी काढून या फरकावर पांघरूण घालू नये, कारण यंत्रणा बनवायची ती त्या सातशे मीटरवाल्या माणसासाठी. लीड्स विद्यापीठातल्या नताशा मेरट यांच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. हातात स्टीअरिंग आल्यानंतरही गाडी लेनमध्ये नेहमीसारखी स्थिर व्हायला 35 ते 40 सेकंद लागत होते. म्युनिकमधल्या प्रयोगांत कमी मुदत दिली की चालक लवकर हलायचे, पण आरसे कमी बघायचे आणि ब्रेक जास्त मारायचे.

मग ड्रायव्हर जागेवर आहे हे गाडीला कळणार कसं? सर्वांत स्वस्त उपाय स्टीअरिंगवर पडणारा हलकासा पीळ मोजायचा. त्याला फसवणं सोपं आहे, स्टीअरिंगला एखादं वजन लटकवलं की काम झालं. दुसरा प्रकार हाताचा स्पर्श ओळखतो, पण नजर कुठे आहे ते त्यालाही कळत नाही. खरं काम करतो तो इन्फ्रारेड कॅमेरा. तो अंधारातही डोळे आणि डोक्याचा कल टिपतो. युरोपातल्या नियमांत ताशी 50 किलोमीटरच्या वर नजर साडेतीन सेकंद भलतीकडे राहिली की इशारा यायला हवा. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत टेस्लाला वीस लाखांहून जास्त गाड्या रिकॉल कराव्या लागल्या, त्या ऑटोपायलट या तिच्या चालक-साहाय्य यंत्रणेची चालकावरची ही राखण अपुरी होती म्हणूनच.

आपल्याकडे यातला सर्वांत मोठा धोका म्हणजे उभं वाहन. वेगात असताना रडारला कमान, पाट्या, दुभाजक यांचे असंख्य स्थिर प्रतिध्वनी मिळतात. प्रत्येकावर ब्रेक मारला तर गाडी चालवणं अशक्य होईल, म्हणून प्रणाली स्थिर गोष्टींबाबत मुद्दाम सावध भूमिका घेते. आता समृद्धी महामार्गाचा विचार करा. 701 किलोमीटर लांब, कारला 120 ची मर्यादा, लांबच लांब सरळ पट्टे. तुमची गाडी पुढच्या एसयूव्हीमागे अंतर राखून चालली आहे. एसयूव्ही अचानक बाजूच्या लेनमध्ये जाते आणि तिच्याआड लपलेला, रिफ्लेक्टर नसलेला, बंद पडलेला ट्रक समोर येतो. क्रूझ कंट्रोलच्या लेखी पुढचा रस्ता मोकळा झालेला असतो, त्यामुळे अशा वेळी काही गाड्या ब्रेक न लावता उलट वेग वाढवतात. 120 ला एका सेकंदात 33 मीटर जातात.

म्हणून अंतराची सेटिंग सर्वांत लांब ठेवावी. पुढच्या गाडीनं इंडिकेटर दिला किंवा ती लेन सोडायला लागली की कारण शोधत न बसता पाय ब्रेकवर आणावा. हा पाय तिथे आणायची सवय क्रूझ लावल्यावर सर्वांत आधी मोडते, म्हणून ती मुद्दाम राखावी लागते. मुसळधार पावसात, घाटात आणि पट्टे नसलेल्या रस्त्यावर लेन असिस्ट, म्हणजे गाडीला पट्ट्यांच्या मधोमध ठेवणारी सोय, बंदच ठेवावा. पुढची काच बदलली असेल तर आरशामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा नेमकी जुळवणं, करून घेतल्याशिवाय ॲडासवर विसंबू नये. कॅमेरा एखाद्या अंशानं जरी तिरका बसला तरी पन्नास मीटरवर जवळपास मीटरभराची चूक होते. जिल्ह्याच्या रस्त्यावर, जिथे उलट्या दिशेनं दुचाकी येते आणि ट्रॉलीला मागे दिवा नसतो, तिथे क्रूझ लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लेव्हल थ्रीसाठी संयुक्त राष्ट्रांचा 157 क्रमांकाचा नियम जानेवारी 2021 पासून लागू झाला. सुरुवातीला तो ताशी 60 किलोमीटरपर्यंतच होता, पुढे मर्यादा 130 पर्यंत नेली. त्यात गाडीनं ताबा घ्यायला सांगितल्यावर चालकाला साधारण 10 सेकंद मिळतात. त्यानं प्रतिसाद दिला नाही तर गाडी हळूहळू वेग कमी करते, हजार्ड लाइट लावते आणि थांबते. मूळ नियमात हे थांबणं स्वतःच्याच लेनमध्ये होतं. मागून येणाऱ्या गाडीसाठी तेही मग एक उभं वाहनच असतं, एसयूव्हीआडच्या त्या ट्रकसारखं.