बायोस सेटअप

बायोस सेटअप : संगणक चालू केल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम हाती येण्याआधी यंत्राच्या मूळ मांडण्या पाहण्याची व बदलण्याची सोय. तारीख-वेळ, कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे त्याचा क्रम, डिस्कची जोडणी-पद्धत, पंख्याचा वेग, पासवर्ड इ. बाबी तीत येतात. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशातील तिन्ही जिल्ह्यांत दुरुस्तीवाले तिला ‘बायोस’ म्हणतात आणि तितक्याच सहजपणे ‘सीमॉस’ही. वस्तुतः हे दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत.

नाव व उगम : ‘बायोस’ हे ‘बेसिक इनपुट/आउटपुट सिस्टिम’ याचे आद्याक्षरी रूप; यंत्राचे भाग व ऑपरेटिंग सिस्टिम यांना जोडणारा हा मूळ प्रोग्रॅम. त्याचा उगम पुष्कळदा आयबीएम पीसीशी (१२ ऑगस्ट १९८१) जोडला जातो. मात्र गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे नाव १९७५ च्या सुमारासच आढळते. तेथे बायोस चिपमध्ये कोरलेला नव्हता. तो डिस्कवरून वाचला जाई, आणि यंत्र बदलले तर तेवढाच भाग नव्याने लिहावा एवढाच त्यामागचा हेतू होता. बोर्डावरच्या चिपमध्ये कायमचा बसलेला बायोस, हा आजचा रूढ अर्थ आयबीएमच्या यंत्रामुळे पक्का झाला, हे मान्य करूनही शब्दाचे श्रेय किल्डॉल यांच्याकडे ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. ग्रीक भाषेतील ‘जीवन’ या अर्थाच्या शब्दाशी असलेले साम्य श्लेष म्हणून सांगितले जाते. त्यावर फार भार देऊ नये.

सेटअप ही सोय मात्र बायोसइतकी जुनी नाही. पहिल्या आयबीएम पीसीत बोर्डावर प्रत्येकी ८ बारीक खटक्यांचे दोन संच होते. मेमरी किती, फ्लॉपी किती हे टाचणी किंवा पेनाच्या टोकाने खटके सरकवून सांगावे लागे. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एमसी १४६८१८ ही घड्याळ-चिप आली. तिच्यात ६४ बाइट स्मृती होती. पहिले १४ बाइट घड्याळाच्या कामाचे, उरलेले ५० मांडण्यांसाठी मोकळे. ही चिप ‘सीमॉस’ प्रकारे बनवलेली असल्याने तिला वीज अत्यल्प लागे आणि बॅटरीवर ती वर्षानुवर्षे जागी राही. ‘सीमॉस’ हे नाव येथून चिकटले. पण या यंत्रातही मांडण्या बदलणारा प्रोग्रॅम वेगळ्या फ्लॉपीवर मिळे. फ्लॉपी हरवली की पंचाईत. हा प्रोग्रॅम चिपमध्येच घालून कळ दाबताच पडद्यावर आणण्याची रीत आयबीएमसारखी यंत्रे बनवणाऱ्यांना बायोस पुरवणाऱ्या एएमआय, अवॉर्ड व फीनिक्स या कंपन्यांमुळे रुळली. तिचे श्रेय एकट्या कंपनीला देण्यापेक्षा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील त्यांच्या चढाओढीला द्यावे, हे बरे. अवॉर्ड १९९८ मध्ये फीनिक्समध्ये विलीन झाली, तरी एएमआय-अवॉर्डची ‘डिलीट’ आणि फीनिक्सची ‘एफ-२’ या कळांच्या सवयी टिकून आहेत. कॉम्पॅकची एफ-१० एचपीच्या यंत्रांत उतरली. डेल व एसर यांत बहुधा एफ-२ चालते.

सेल व घड्याळ : आजच्या बोर्डावर सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा लिथियम सेल असतो (व्यास २० मिमी., जाडी ३.२ मिमी.; अंकांचा अर्थ हाच). नव्या यंत्रांत बहुतेक मांडण्या फ्लॅश स्मृतीत राहतात आणि सेल मुख्यतः घड्याळ चालवतो. त्यामुळे ‘सेल काढा, पासवर्ड उडेल’ हा जुना तोडगा अनेक लॅपटॉपवर लागू पडत नाही; तेथे पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो.

खानदेशात संगणकाचे घड्याळ मागे पडण्याचा दोष सर्रास उन्हाला दिला जातो. अहिराणीत ‘सेल उतरी गया’ म्हटले की मागोमाग मे महिन्याचे नाव येतेच. या समजुतीत तथ्य आहे, पण थोडे. घड्याळाचा ३२,७६८ हर्ट्‌झचा स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत अचूक असतो. त्याहून तापमान वाढो की घटो, तो मंदच होतो, आणि ही मंदी तापमानातील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जळगाव-भुसावळकडचा ४५ अंशांचा पारा अहोरात्र टिकला असे धरले, तरी हिशेब दिवसाला सुमारे सव्वा सेकंदाचा होतो. महिन्याला पाऊण मिनिटही नाही. उष्णतेने सेल आपसूक झिजण्याचा वेग वाढतो, हेही खरे. तथापि खरे कारण बहुधा भिंतीवरच्या बटणात असते. डेस्कटॉपला भिंतीतून वीज मिळत असेल, तर तो बंद असतानाही घड्याळ त्याच विजेवर चालते व सेल वाचतो. संध्याकाळी मुख्य बटण पाडून जाण्याची शिस्त, भारनियमन आणि उन्हाळी सुट्टीत दीड महिना कुलूपबंद राहणारा शाळेचा संगणक-कक्ष या सगळ्यांचा भार एकट्या सेलवर पडतो. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पडद्यावर चेकसम (साठवलेल्या मांडण्या शाबूत आहेत का हे ताडणारी बेरीज) बिघडल्याची तक्रार आणि एफ-१ दाबण्याची सूचना दिसते, ती त्यामुळे.

मेलेल्या सेलचे दुखणे सेलपुरते राहत नाही. तारीख कित्येक वर्षे मागे गेली, की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ब्राउझरला ‘अजून लागू न झालेली’ वाटतात व तो पान उघडत नाही. देशातील पहिले आधार क्रमांक ज्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले, त्या परिसरासह सर्वत्र आता सातबारा, दाखले, पीकविमा ही कामे अशाच संकेतस्थळांवर होतात. सेवा केंद्रात शेतकरी खुर्चीवर टेकलेला, चालक राउटर बंद-चालू करत ‘आबा, नेट नाही’ म्हणतो, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात १ जानेवारी असते. दोष तेथे वाचायचा.

सेल बदलून तारीख लावली तरी काही जुन्या यंत्रांत विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. मूळ मांडण्या परत आल्याने डिस्कची जोडणी-पद्धत एएचसीआयवरून आयडीई किंवा रेडवर गेलेली असते. ती पूर्ववत केली की काम भागते. हे ठाऊक नसल्याने विनाकारण ‘विंडोज मारली’ (म्हणजे नव्याने टाकली) जाते आणि सोबत हिशेबाच्या फायलीही जातात.

प्रवेश व वापर : यंत्र चालू होताच ठरलेली कळ पुन्हापुन्हा दाबणे ही सर्वश्रुत रीत आहे. विंडोज ८ पासून सुरू होण्याची क्रिया इतकी जलद झाली, की कळ दाबण्याची वेळ हुकते. अशा वेळी शिफ्ट धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे व पुढे यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) मांडण्यांचा पर्याय घ्यावा. केवळ विंडोज टाकण्यासाठी सेटअपमध्ये शिरण्याची गरजही नसते. एफ-१२ किंवा एफ-९ सारख्या कळेने उघडणाऱ्या बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडता येतो.

यूईएफआय : इंटेलने १९९० च्या दशकाच्या अखेरीस इटॅनियम या आपल्या प्रोसेसरसाठी आरंभलेल्या ईएफआयचे हे पुढील रूप, २००५ पासून स्वतंत्र मंच त्याचे प्रमाण ठरवतो. जुना पेनड्राइव्ह चालावा म्हणून दुकानांत यंत्र ‘लेगसी’वर, म्हणजे जुन्या बायोसच्या पद्धतीवर, टाकले जाते आणि परत आणायचे राहते. मग जीपीटी या नव्या पद्धतीने आखलेल्या डिस्कवरील विंडोज सापडत नाही व ग्राहक ‘हार्डडिस्क गेली’ म्हणून परततो. विंडोज ११ (२०२१) साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागते. ती अनेक यंत्रांत असूनही बंद ठेवलेली असते, आणि सेटअपमध्ये इंटेलच्या बोर्डावर ‘पीटीटी’, तर एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावाखाली शोधावी लागते.