हर्णैच्या किनाऱ्यावर लटकलेले दोनशे रुपये

हर्णै बंदरात संध्याकाळचा लिलाव आटपत आला होता. बांगडे पिशवीत पडले, मी कोड स्कॅन करून पिन टाकला आणि पडद्यावरचं चक्र फिरतच राहिलं. खात्यातून २०० रुपये गेल्याचा एसेमेस आला, पण मासळीवाल्या मावशींचा, पैसे जमा झाले की बोलून सांगणारा स्पीकर गप्प. "रेंज नाय हितं. पैसं हवेत लटकलं असतील," त्या म्हणाल्या.

हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात फोनमधून निघतो तो फक्त निरोप. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमध्ये हा निरोप अ‍ॅपकडून एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या, स्विचकडे जातो; स्विच म्हणजे बँकांमध्ये निरोपांची ने-आण करणारी मधली संगणक यंत्रणा. स्विच आधी मावशींचं खातं कोणत्या बँकेत आहे ते शोधतो, मग माझ्या बँकेला रक्कम कापायला सांगतो. तिचा होकार आल्यावरच मावशींच्या बँकेला जमा करायचा हुकूम जातो. आधी नावे, म्हणजे माझ्या खात्यातून वजा, मग जमा. उलट केलं आणि माझं खातं रिकामं निघालं, तर भरपाई कोण करणार?

खरी गंमत पुढे आहे. समजा मावशींच्या बँकेने रक्कम जमा केली, पण 'झाली' हे उत्तर वाटेत हरवलं. स्विचला काय कळणार? हुकूम नव्याने सोडला तर ४०० रुपये जमा व्हायचे. म्हणून प्रत्येक व्यवहाराला जन्मतःच स्वतंत्र क्रमांक मिळतो. स्विच त्याच क्रमांकाची चौकशी करतो, बँक वही उघडून तेच जुनं उत्तर देते. एकच क्रमांक दहादा विचारा, जमा एकदाच! मला ही युक्ती विलक्षण सुंदर वाटते. जमा झालीच नसेल तर रक्कम परत फिरते. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार दुकानदाराच्या व्यवहारात पाच दिवसांत, त्यानंतर उशिराचे रोज १०० रुपये ग्राहकाला भरपाई.

बँकांचा आपसातला हिशेब दिवसातून अनेकदा रिझर्व्ह बँकेत मिटतो, तोही वजावट करून. एकीचे ५,००० देणे, ४,८०० येणे असेल, तर सरकतात फक्त २००.

आणि 'बक्षीस जमा करायला पिन टाका' म्हणणाऱ्याचा फोन तिथल्या तिथे ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

मावशींच्या स्पीकरमध्ये स्वतःचं वेगळं सिमकार्ड असतं, आणि रेंज गेली होती ती त्याची. नातू त्यांचा फोन घेऊन वर रस्त्याला गेला. पडद्यावर २०० रुपये जमा दिसत होते. वेळ माझ्या एसेमेसचीच.