पार्श्वभूमी : पेजपेक्षा मोठा ब्लॉक आणि लिनक्सची पेज कॅशे

मेमरी ज्या ठरावीक तुकड्यांत वाटली जाते त्यांना पेज म्हणतात, आणि डिस्कवरची जागा ज्या एककात वाटली जाते त्याला ब्लॉक. मेमरीच्या पेजपेक्षा मोठे ब्लॉक असलेली एक्सएफएस ही फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) वापरण्याची सोय लिनक्सच्या ६.१२ या आवृत्तीत, म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. या फाइलसिस्टिमच्या रचनेत ६४ केबीपर्यंतच्या ब्लॉकला आधीपासूनच जागा होती. तरीही ६४ केबी पेज असलेल्या, पॉवर प्रोसेसरच्या यंत्रावर तेवढ्याच ब्लॉकने फॉरमॅट केलेली डिस्क ४ केबी पेजच्या, एक्स८६ प्रोसेसरच्या यंत्रावर माउंट होत नसे. दोष डिस्कवरच्या मांडणीचा नव्हता. पेज कॅशेमुळे, म्हणजे डिस्कवरचा मजकूर मेमरीत तात्पुरता ठेवणाऱ्या साठ्यामुळे, एका पेजात अनेक ब्लॉक बसत, पण एक ब्लॉक अनेक पेजांवर पसरता येत नसे.

ही गरज जुन्या कर्नलमध्येही (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ओळखली गेली होती, म्हणून कॅशेच्या एककासाठी पेजपासून वेगळे मॅक्रो (कोडमध्ये एखाद्या मूल्याला दिलेली नावे) ठेवलेले होते. प्रत्यक्षात दोन्हींचे आकारमान कायम एकच राहिले. २००७ साली सलग पेजांचे गट कॅशेत ठेवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा यंत्र बराच काळ चालल्यावर मेमरीचे तुकडे पडतात आणि सलग १६ पेजे मिळण्याची खात्री उरत नाही, असा आक्षेप घेतला गेला. विखुरलेली पेजेच ब्लॉकला जोडणारा पर्यायी थरही सुचवला गेला. दोन्ही मुख्य कर्नलबाहेर राहिले. आक्षेप रास्त होता, कारण विखुरलेली मेमरी आवळून सलग जागा करणारी यंत्रणा २०१० मध्ये आली. २०१६ मध्ये मात्र ४.६ आवृत्तीतून ते मॅक्रोच काढून टाकले गेले, आणि त्यामागचे आश्वासन पुरे होण्याची शक्यता नाही असे कारण नोंदवले गेले. तो निर्णय घाईचा होता, असे आज म्हणावे लागते.

खरा गुंता ‘पेज’ या शब्दातच होता. हार्डवेअरचे ४ केबीचे पेज, अशा अनेक पेजांचा सलग गट आणि त्या गटातले मधलेच एखादे पेज, या तिन्हींसाठी कर्नलमध्ये एकच प्रकार वापरला जाई. त्यामुळे हाती आलेला पॉइंटर (मेमरीतला पत्ता) गटाच्या आरंभाचा आहे की शेपटातला, हे फंक्शनला कळत नसे आणि ठिकठिकाणी आरंभ शोधत बसावे लागे. यावर ‘फोलिओ’ हा नवा प्रकार डिसेंबर २०२० मध्ये मांडला गेला. फोलिओ म्हणजे शेपटातले पेज कधीच नाही, एवढी साधी हमी त्याने दिली. शब्द छपाईतला आहे. आपल्याकडे एका तावावर छापलेल्या पानांच्या गटाला फर्मा म्हणतात, त्याच्या जवळचा. फोलिओवरचा वाद मात्र नावापुरता राहिला नाही. फाइलची मेमरी आणि प्रोग्रॅमची स्वतःची मेमरी एकाच प्रकारात बसवावी का, या प्रश्नावर मेमरी विभागातील काही अनुभवी मंडळी अडून राहिली, तर फाइलसिस्टिम लिहिणाऱ्यांना आणखी थांबणे परवडणारे नव्हते. ५.१५ मधील प्रवेश हुकला. जानेवारी २०२२ च्या ५.१६ मध्ये फोलिओ स्वीकारले गेले. माझ्या मते, पुढचे सगळे काम या स्वीकारामुळेच शक्य झाले.

५.१८ मध्ये एक्सएफएस मोठे फोलिओ वापरू लागली. पण तेव्हा मोठा फोलिओ ही केवळ सवलत होती. जागा नसेल तर एका पेजावरही भागत असे. ६.१२ मध्ये प्रत्येक फाइलच्या कॅशेला फोलिओचा किमान आकार ठरवून देता आला आणि त्याखाली तुकडे करण्यास मनाई झाली, त्यामुळे ब्लॉक नेहमी एकाच फोलिओत राहतो. त्याची किंमतही आहे : ६४ केबी ब्लॉक निवडला, तर १ केबीची फाइलसुद्धा कॅशेत १६ सलग पेजे अडवते.