गिझर कटकट का करतो?

थंडी पडली की गिझर रोज जास्त वेळ चालतो. बोअरवेलचं पाणी असेल, तर काही दिवसांत आतून कटकट, खदखद ऐकू येते. कठीण पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं, म्हणजे चुनखडीच. सगळ्यात गरम असतो तो हीटिंग एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी धातूची नळी, म्हणून पहिला थर त्याच्यावरच चढतो. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे फुटतात, त्याचा हा आवाज.

क्षारांमुळे वीजबिल दुप्पट होतं, हे मात्र खरं नाही. एलिमेंट पाण्यातच बुडालेलं असल्यामुळे त्याची उष्णता शेवटी पाण्यालाच मिळते. 2000 वॉटच्या गिझरला 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 21 मिनिटं लागतात. खरा मार बसतो एलिमेंटला. थरामुळे ते आत जास्त तापतं, आवरणाला तडा जातो, पाणी शिरतं आणि ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. तो पडत असेल तर पुन्हा पुन्हा वर करू नका.

साफसफाई माहितगाराकडूनच करून घ्यावी, पण समोर उभं राहून. आधी एमसीबी बंद, इनलेटचा कॉक बंद, मग टाकी रिकामी. बाहेर काढलेलं एलिमेंट स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू देऊ नका, आवरणाला चरे पडतात. एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्व घालून रात्रभर बुडवलं, की फेस येत थर सुटतो. संडास धुण्याचं ॲसिड धातूच खातं. मॅग्नेशियमचा ॲनोड रॉडही याच वेळी बघावा. टाकीच्या पत्र्याऐवजी तो स्वतः गंजतो. आतली तार दिसू लागली असेल तर लगेच बदला. एलिमेंटच्या जोडावरचं रबरी गॅस्केट नवंच बसवा. गरम पाण्याच्या नळाला सलग धार आल्याशिवाय बटण दाबू नका; कोरडं एलिमेंट बघता बघता जळतं.

पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडले, तर तिथे बूच मारू नका. तापल्यावर 15 लिटर पाणी पाव लिटरच्या आसपास फुगतं आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे मागे जाऊ शकत नाही. ते तिथूनच बाहेर पडायला हवं. गिझर बंद असतानाही गळत असेल, तर मात्र व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे किंवा प्रेशर पंपाचा दाब जास्त आहे.