हेत्वाभास

दिसायला कारण, पण तपासलं तर कारणच नाही, तो हेत्वाभास. न्यायदर्शन म्हणजे तर्क आणि प्रमाणांचा विचार करणारं भारतीय दर्शन, त्यातल्या १६ पदार्थांमधला (विचाराच्या विषयांमधला) हा तेरावा, आणि गंमत म्हणजे वादात हरण्याच्या २२ जागा (निग्रहस्थानं) मोजताना शेवटी हाच परत येतो. शब्दाची फोड दोन प्रकारे होते, ‘हेतूसारखा भासतो तो’ म्हणजे खोटा हेतू, किंवा ‘हेतूतला दोष’. नव्यन्यायवाले (न्यायाच्या नंतरच्या शाखेतले) दुसरीवर खूप शाई घालवतात, शिकणाऱ्याला पहिली सोयीची.

कल्पना कधीची यावर एकमत नाही, कारण या दर्शनाचा मूळ ग्रंथ, म्हणजे न्यायसूत्रं, त्यांचाच काळ पक्का नाही. जर्मन संस्कृतपंडित याकोबी साधारण इ.स. २०० ते ४५० सुचवतात. अभ्यासक सतीशचंद्र विद्याभूषण गौतम आणि अक्षपाद (सूत्रकाराची म्हणून सांगितली जाणारी दोन नावं) हे दोन वेगळे धरून पहिल्याला इ.स.पूर्व सहाव्या शतकापर्यंत मागे नेतात, ते जरा ओढूनताणून वाटतं. चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात वैद्यांच्या वादविवादासाठी तीन ‘अहेतू’ दिलेत, त्यामुळे हा विचार एकट्या नैयायिकांचा (न्यायवाल्यांचा) नसावा. वैशेषिक दर्शन आणि बौद्ध तर्कपंडित दिङ्नाग यांच्याकडेही तीनच.

सूत्रात मात्र पाच: सव्यभिचार (साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते, नसतानाही सापडणारा), विरुद्ध (उलटच सिद्ध करणारा), प्रकरणसम (दोन्ही बाजू तुल्यबळ ठेवणारा), साध्यसम (स्वतःच अजून सिद्ध व्हायचा असलेला), कालातीत (वेळ टळून गेलेला). सगळा घोळ पाचव्यावर. काहींनी ‘कालातीत’चा अर्थ लावला की अनुमानाचे अवयव (मांडणीतले टप्पे) उलटसुलट क्रमाने मांडणं, पण न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन म्हणतो तसं नाही, क्रम चुकला म्हणून खरा हेतू खोटा होत नाही आणि त्या चुकीला अप्राप्तकाल हे निग्रहस्थान आधीच आहे. हे पटतं. पुढे त्याच जागी ‘बाधित’ आला, म्हणजे प्रत्यक्षानेच खोडलेला: अग्नी उष्ण नाही, कारण तो द्रव्य आहे (बोट लावून बघा!). अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, जो बहुधा १७ व्या शतकातला, साध्यसमऐवजी असिद्ध आणि प्रकरणसमऐवजी सत्प्रतिपक्ष अशी नावं आहेत, आणि शिकवताना हीच चालतात.

शिकण्यासारखा सगळ्यात कामाचा भाग म्हणजे उपाधी. धूर दिसला म्हणून आग, हे बरोबर, पण आग आहे म्हणून धूर असणारच, हे चूक, कारण लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या जळणामुळे. हे गुपचूप मध्ये शिरलेलं ओलं जळण म्हणजे उपाधी, आणि ‘अमुक घेतलं न् बरं वाटलं’ छापाच्या बहुतेक दाव्यांमध्ये असंच काहीतरी ओलं जळण शोधावं लागतं. नैयायिक हा दोष असिद्धाच्या पोटात, व्याप्यत्वासिद्ध (हेतूचं साध्याशी कायमचं नातंच सिद्ध नाही) म्हणून घालतात.

व्याख्यांसाठी भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश बघावा, वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती १९२८ साली पुण्यात भांडारकर संस्थेने काढली. अर्थात तो संस्कृतात आहे.