झाडांच्या पाट्या: लॅटिन नाव 'सुधारण्या'आधी हे वाचा

शाळा, सोसायट्या आणि उद्यानांच्या पाट्या करताना आमचा वेळ कोरण्यात कमी आणि मंजुरीच्या नमुन्यावर आलेल्या 'दुरुस्त्यां'त जास्त जातो.

चिंचेचे नाव टॅमरिंडस इंडिका. पहिला शब्द 'अस'ने संपतो म्हणून अनेक जण दुसऱ्याचे 'इंडिकस' करून पाठवतात. लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते: इंडिकस, इंडिका, इंडिकम, म्हणजे आपले भारताचा, भारताची, भारताचे. भारतीय हत्तीच्या नावात इंडिकस येते, तिळाच्या नावात इंडिकम. झाडांची नावे मात्र 'अस'ने संपली तरी बहुधा स्त्रीलिंगी धरतात. म्हणून चिंच इंडिका आणि पिंपळ फायकस रेलिजिओसा.

मग सरळ 'इंडिया' का नाही? राजाच्या बिरुदात देशाचे नाव षष्ठीत येते. 1948 पर्यंतच्या ब्रिटिश पेनीवर 'इंड. इम्प.' दिसते, ते 'इंडिए इंपरेटर', भारताचा सम्राट. झाडावर कोणाचे राज्य नसते; तिथे विशेषण लागते.

वडाच्या 'बेंगालेन्सिस'मध्ये 'जी'नंतरचा 'एच' कृपया खोडू नका. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये तसेच छापले आणि तेच स्पेलिंग चालते. दुसरा शब्द देशावरून आलेला असला तरी त्याचे पहिले अक्षर लहानच. मोठे फक्त पहिल्या शब्दाचे. दोन्ही शब्द तिरक्या अक्षरांत.

आणखी एक गैरसमज: इंडिका म्हणजे मूळ भारतीय, असे नाही. चिंच मूळची आफ्रिकेची. बागेतल्या लॅगरस्ट्रोमिया इंडिका या फुलझाडाचे मूळ चीनकडे. आपला ताम्हण त्याच कुळीचा, पण तो स्पेसिओसा. नाव भूगोलात चुकले म्हणून बदलता येत नाही. मूळ प्रदेशाची ओळ हवी असेल तर आम्ही ती वेगळी कोरून देतो, पाटी अधिक वाचली जाते.

ऑर्डर देताना मराठी नाव, पाने-फुले-फळांचे फोटो आणि पाट्यांची संख्या पाठवा; लॅटिन आम्ही भरतो. नमुन्यात मराठी नाव आणि संख्या नीट तपासा. कोरलेले अक्षर पुसता येत नाही. आमची चूक असेल तर पाटी मोफत बदलतो. तुम्ही बदलायला लावलेल्या अक्षरामुळे पुन्हा करावी लागली तर पूर्ण दर लागतो.

पाटी खिळ्याने ठोकू नका. सोबतची स्टीलची स्प्रिंग खोडाभोवती लावा. खोड वाढते तशी ती ताणते.