पुलाखालून जाण्यासाठी वेग वाढवणारे जहाज

१ नोव्हेंबर २००९ची मध्यरात्र. फिनलंडच्या तुर्कू गोदीत बांधलेले ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’ हे तेव्हाचे जगातले सर्वांत मोठे क्रूझ जहाज बाल्टिक समुद्रातून बाहेर पडत होते. वाटेत डेन्मार्कचा ग्रेट बेल्ट पूल. त्याखालची मोकळी जागा ६५ मीटर आणि जहाजाची पाण्यावरची उंची ७२ मीटर! धुराडी दुर्बिणीच्या नळ्यांसारखी आत सरकतील अशीच बनवली होती. ती खाली घेतली, तरी फट उरत होती जेमतेम अर्ध्या-पाऊण मीटरची. अशा वेळी कुणीही वेग कमी करेल. इथे मात्र तो मुद्दाम वाढवला.

कारण उथळ पाण्यात जहाज वेगाने निघाले, की त्याचा तळ आणि समुद्राचा तळ यांच्या चिंचोळ्या जागेतून पाणी जोराने मागे धावते. धावत्या पाण्याचा दाब कमी होतो आणि जहाज थोडे खाली बसते. दर्यावर्दी याला ‘स्क्वॉट’ म्हणतात. एरवी तळ घासण्याची भीती घालणारा हा परिणाम त्या रात्री कामी आला.

मला त्याहून नवल वाटते ते दुसऱ्याच आकड्याचे. एवढी उंच इमारत पाण्याखाली किती असावी? फक्त सव्वानऊ मीटरच्या आसपास. ‘टायटॅनिक’ याहून खोल, साडेदहा मीटर बुडालेले असे. मग हे कलंडत कसे नाही?

उत्तर रुंदीत आहे. पाण्याच्या पातळीवर हे जहाज ४७ मीटर रुंद आहे. ते एका बाजूला कलले, की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, पाण्याचा वर ढकलणारा जोर तिकडे सरकतो आणि जहाजाला पुन्हा सरळ करतो. हा परिणाम रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय इंजिने, इंधन, पाण्याच्या टाक्या अशी सारी जड सामग्री तळाशी. वरचे मजले म्हणजे बहुतांशी पोकळ खोल्या. बातम्यांत या जहाजाचे ‘वजन सव्वादोन लाख टन’ असे छापून येते, ते चूकच. सुमारे २,२५,००० हा ‘ग्रॉस टनेज’चा आकडा, आणि तो जहाजाच्या आतल्या जागेचे, म्हणजे घनफळाचे माप असतो. प्रत्यक्ष वजन याच्या निम्म्याच्या आसपास भरते.

रुंदी हवी तितकी वाढवताही येत नाही. फार स्थिर जहाज लाटेवर कलले, की झटक्यात सरळ होते, आणि त्या हिसक्यांनी प्रवाशांच्या पोटात ढवळते. म्हणून सावकाश, लांब हेलकावा येईल इतपतच ती ठेवतात.